देवजीचे उणे दोन

सुगंधाचा फोन आला तेव्हा मी रोह्याला आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये गणिताचे पेपर तपासत बसले होते. "बाई, हे गेलं," एवढंच ती म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... मागून हॉस्पिटलातल्या कुठल्याशा चाकांच्या खाटेचा खडखडाट ऐकू येत होता. माझा चेहरा बघून शेजारच्या टेबलावरच्या सरांनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, माझा मित्र, देवजी हिलम, हमरापूरला गणपतींचे डोळे काढायचा. आडनाव ऐकून सर क्षणभर थांबले, मनात काहीतरी जुळवलं आणि हळहळून म्हणाले, "अरेरे! कातकरी असून काय हात होता हो त्याचा!" देवजीला जाऊन अर्धा तासही झाला नव्हता आणि पहिला 'असून' येऊन पडला होता. मी हातातलं लाल पेन टेबलावर आपटलं. त्याचं टोपण कुठे उडालं ते अजून सापडलेलं नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत मी 'असून' इतक्या वेळा ऐकला की हा शब्द मराठीतून काढून टाकावा असं मला वाटायला लागलं आहे. कातकरी असून हुशार. कातकरी असून निर्व्यसनी. वाडीतला असून स्वच्छ. बोलणाऱ्याला वाटतं आपण कौतुक करतोय. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्याच्यावर लिहायचं ठरलं तेव्हा मला सांगण्यात आलं की थोडं हृद्य लिहा. मला हृद्य येत नाही हो. मला राग आला आहे, आणि त्यातला निम्म्याहून जास्त माझा माझ्यावरच आहे. तो का, हे सांगायचं तर आधी आमच्या खेळाबद्दल सांगावं लागेल.

पुण्याला हॉस्टेलमध्ये असताना मला एका खेळाचं वेड लागलं होतं. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. दार उघडलं का, वार बसला का, मंत्र चालला का, हे वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. पात्र निवडताना त्याचा वंशही निवडायचा, म्हणजे हजार वर्षं जगणारे देखणे लोक, खाणीत राहणारे बुटके, साधी माणसं वगैरे. प्रत्येक वंशाला कशात तरी जास्त गुण आणि कशात तरी कमी, म्हणजे कुणीच वरचढ नको. याला खेळणारे तोल म्हणतात आणि त्यावर तासन् तास भांडतात. नोकरीसाठी रोह्याला परत आले तेव्हा हा खेळ खेळायला मला फक्त नीलेश भेटला. कोलाडला त्याचं मेडिकल आहे. खेळायला बोटभर उंचीच्या मूर्ती लागतात, त्या करून मिळतील का म्हणून मी एका रविवारी हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात गेले.

कारखान्याच्या मालकाने मला हसून वाटेला लावलं असतं. पण फळ्यांवर ओळीने मांडलेल्या बिनडोळ्यांच्या गणपतींच्या टोकाला एक माणूस पाटावर बसला होता. त्याने श्वास रोखून एका मूर्तीची भुवई पुरी केली, मग ब्रश पाण्यात बुडवून माझ्याकडे वळला. डोळे रंगवायच्या कामाला तिकडे आखणी म्हणतात आणि ते सगळ्यात शेवटी होतं. बाकी रंग दहा जण देतात, आखणीचा हात एखाद्याचाच असतो. त्याने माझ्या हातातलं चित्र घेतलं आणि विचारलं, "ह्यांना कोन पुजनार हाय?"

"कोणी नाही. खेळायला हवेत."

"मंग ते बघनार कुनाकडं, ते सांगा. त्यावर डोळा ठरतो."

मी खेळ समजावून सांगायला लागले. त्याने दोनच प्रश्न विचारले. त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण तो प्रश्न नियमातल्या एका भोकावर अचूक बोट ठेवणारा होता. हॉस्टेलातल्या हुशार मुलींना ते भोक चार वर्षांत दिसलं नव्हतं. पुढच्या रविवारी दुपारी आम्ही कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये खेळायला बसलो. गोष्ट सांगायला मी, खेळायला नीलेश, देवजी आणि त्याच कारखान्यात अंगाचे रंग भरणारी त्याची बायको सुगंधा. सुगंधाने बुटक्यांची लढवय्यी घेतली आणि पहिल्याच दिवशी नीलेशच्या सरदाराला पुलावरून खाली ढकललं. "मधी मधी करीत व्हता," असं तिचं म्हणणं.

नियमांचं मराठी मी केलं होतं, मे महिन्याच्या सुट्टीत, मोठ्या हौसेने. वंशाला काय म्हणायचं हे ठरवताना 'जात' लिहायची लाज वाटली, 'वंश' फार पुस्तकी वाटला, म्हणून मी 'जमात' लिहिलं आणि स्वतःवर खूश झाले. देवजीने कागदावरचं ते मथळ्यातलं 'आपली जमात निवडा' वाचलं आणि शांतपणे म्हणाला, "बाई, ह्याचा पन दाखला काढाय लागंल काय?" सुगंधा खो खो हसली. आम्हीही हसलो. हसण्यावारी गेलं ते.

पण खरी कमाल पुढे होती. इंग्रजी पुस्तकातले रानटी राकट लोक काढून त्यांच्या जागी मी माझ्या मनाने एक नवीन जमात घातली होती. आपल्या मातीतलं काहीतरी असावं म्हणून! नाव 'रानकरी'. माग काढणे अधिक दोन, चपळाई अधिक दोन, बुद्धी उणे दोन. माझं घर कुंडलिकेच्या काठावर आहे, खिडकीतून पलीकडची वाडी दिसते, आणि देवजी त्याच वाडीत जन्मला होता, हे मला नंतर कळलं. त्या खिडकीत, पंख्याखाली बसून मी हे लिहिलं आणि माझं पेन एकदाही अडखळलं नाही.

देवजी त्या कागदावरून बोट फिरवत होता. दीर्घायू, बुटके, रानकरी, माणूस.

"मानसाला कायच उनं नाय?"

"नाही. माणूस मधला. सगळ्यांत साधा."

"आन रानकरी मानूस नाय?"

मी वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. तो आवाज मला आता ऐकू येतो आणि कानशिलं तापतात. म्हटलं, "खेळात नाही. हा तोल असतो, देवजी. दोन ठिकाणी दिलं की एका ठिकाणी काढावं लागतं, नाहीतर सगळे तीच जमात घेतील." त्याने मान हलवली. मग त्याने रानकरी घेतला, आणि वर रानकऱ्याचा मांत्रिक केला. नीलेश कळवळला, "अरे येड्या, मांत्रिकाला सगळी बुद्धीच लागते!" देवजी म्हणाला, "म्हाईत हाय."

चार वर्षं. आषाढ-श्रावणातला आखणीचा हंगाम सोडला तर जवळपास प्रत्येक रविवारी त्याने मंत्रासाठी फासा टाकला, आकडा सांगितला आणि मग हजेरी दिल्यासारखं म्हणाला, "उणे दोन." हा शब्द तो मुद्दाम माझ्यासारखा उच्चारायचा, ण नीट लावून. तेरा, उणे दोन, अकरा. गेला मंत्र. कधी आवाज चढवला नाही, कधी काढून टाका म्हणाला नाही. फक्त प्रत्येक वेळी ते मोठ्याने म्हणायचा. मी त्याला पहिल्या दिवसापासून 'अरे देवजी' म्हणत होते, आणि चार वर्षांत त्याने मला 'बाई, तुमी' सोडून दुसरं काही म्हटलं नाही. नीलेशला मात्र तो अरे-तुरे करायचा. मला हे कधी खटकलं नाही. या लेखातसुद्धा मी त्याला 'तो'च म्हणते आहे, बघा.

मूर्ती त्याने शाडूच्या केल्या. सुगंधाच्या लढवय्यीचे डोळे बारीक करून कुणालातरी हेरणारे, नीलेशच्या सरदाराचे थोडे बावळट, कारण नीलेश तसाच खेळायचा. स्वतःच्या रानकऱ्याला त्याने फेटा दिला, हातात काठी दिली, अंगावरच्या घोंगडीची वीणसुद्धा ब्रशच्या एका केसाने काढली. डोळे काढलेच नाहीत. नुसत्या पांढऱ्या दोन जागा. मी विचारलं, हे राहिलं का? तर म्हणाला, "उणे दोन हाय ना? तेच दोन काढलं." टेबल हसून लोळलं. मी तर सगळ्यात जास्त.

त्याला तोलाची गोडी माझ्यापेक्षा जास्त होती. एकदा नीलेशला शंका आली की देवजीच्या फाशावर कमीच आकडे पडतात, फासा खोटा असेल. फासा तपासायची एक रीत आहे. पाण्यात भरपूर मीठ घालायचं, फासा तरंगायला लागला की टिचकी मारून फिरवायचा. दर वेळी तीच बाजू वर आली तर समजायचं आत वजन सारखं नाही. देवजीने खाडीकडच्या एका ओळखीच्या मिठागरवाल्याकडून खडे मीठ आणलं, रंगाच्या रिकाम्या डब्यात पाणी केलं आणि अख्खी दुपार एकेक फासा फिरवत बसला. शेवटी हात पुसत म्हणाला, "फासा सरळ हाय बाई. नियम तिरका हाय."

त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट वाद घातला. फळ्यावर आकडे मांडावे तसे कागदावर मांडले. अधिक दोन, अधिक दोन, उणे दोन, बुटक्यांचंही तसंच, दीर्घायूंचंही तसंच. मोजून सारखं. त्याने ऐकून घेतलं आणि मला उठवून गणपतींच्या ओळीपुढे नेलं. म्हणाला, "दोनी डोळं मोजून सारकं काडलं ना, का गनपती तिरळा दिसतो. सोंड एकीकडं वळलेली, मान जराशी कललेली. उजवा डोळा डाव्यासारका नसतोच. तोल मोजीत नाय बाई, लांब उबं राहून बघतात." मग परत येऊन बसला आणि त्याने त्याचा नियम सांगितला. चार वर्षांत त्याने मागितलेली एवढी एकच गोष्ट. "उनं ठेवा. पन रानकऱ्यात नको. रानकरी बोलला का जो ऐकतो, त्याच्या फाशात दोन कमी करा. रानकरी शाना हाय. समोरच्याला त्याचं ऐकू येत नाय. खरं तसंच हाय."

मी गेली अठरा वर्षं गणित शिकवते. इतका नेमका बदल मला कोणी सुचवलेला नाही. उणे दोन तेच, फक्त ते ज्याचं आहे त्याच्या खात्यात. आणि मी काय म्हणाले? म्हणाले, कल्पना छान आहे, पण खेळ किचकट होईल. आत्ता मधेच नियम बदलायला नको. ही चालू गोष्टीतली मोहीम संपू दे, पुढच्या मोहिमेत बघू... "बघा," तो म्हणाला. आणि फासा टाकला.

मोहीम काही संपली नाही. दिवाळीनंतर तो पोट धरून यायला लागला. नीलेशने मेडिकलमधून ॲसिडिटीच्या गोळ्या आणून दिल्या. देवजी एका दवाखान्यात गेला. तिथल्या डॉक्टरने त्याचं नाव, गाव विचारलं आणि पुढचा प्रश्न केला, "किती पितोस?" तो म्हणाला, पीत नाही. डॉक्टर म्हणाले, "सगळे असंच सांगतात. बंद कर आधी." पुन्हा दुखलं, पुन्हा गेला. पुन्हा तेच. देवजीचा बाप दारूपायी वीटभट्टीवर मेला होता आणि त्या दिवसापासून देवजीने होळीलासुद्धा थेंब घेतला नव्हता. हे नीलेशला माहीत होतं. मला माहीत होतं. आणि तरी एका रविवारी, तो घामाने थबथबलेला बघून, मी त्याला विचारलं, "देवजी, खरं सांग हं... थोडीसुद्धा घेत नाहीस ना?"

त्याच्या मुठीत फासा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. "उणे दोन," तो म्हणाला. नीलेश हसला, त्याला वाटलं खेळातलं चाललंय. मलाही तसंच वाटलं असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून पाहिलं. खोटं आहे ते. मला त्याच क्षणी कळलं होतं आणि मी नजर खाली घालून कागद सारखे करत बसले. सॉरी म्हणायला तोंड उघडलं नाही. त्यानंतर पोटाचं नाव त्याने आमच्यासमोर काढलं नाही. सुगंधा आता सांगते, "घरी गडाबडा लोळायचं, आन रयवारी तुमच्याम्होरं ताठ बसायचं. मी म्हनायची सांगा बाईंना, त्या कालेजात हायत, त्यांचं आयकतील. तर म्हनायचं, नको. त्यांनी पन इचारलंच ना."

आता माझा राग त्याच्यावरही आहे, तोही लिहूनच टाकते. का नाही भांडलास? चार वर्षं शांतपणे उणे दोन म्हणत बसण्यापेक्षा एकदा तो कागद फाडून माझ्या तोंडावर का नाही फेकलास? एवढा कसला सभ्यपणा? ओरडला असतास तर मी नियम बदलला असता आणि कदाचित डोकंही बदललं असतं. असं मी मनात बडबडते आणि मग लक्षात येतं, की मी पुन्हा एकदा बदलायचं काम त्याच्यावरच टाकते आहे.

तो कारखान्यात पाटावरून पडला तेव्हा त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथे सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडा होता, तो सरकून अडकला होता आणि स्वादुपिंडाला सूज येऊन आतलं सगळं बिघडलं होतं. दारूचा काही संबंध नव्हता. आधी एकदा सोनोग्राफी केली असती तरी दिसलं असतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. म्हणाले कुणाला? नीलेशला. सुगंधा त्याच्या शेजारी उभी होती, नवरा तिचा होता, पण डॉक्टरांनी शर्ट-पॅंटवाल्याकडे बघून सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुम्ही यांना समजेल असं सांगा." सुगंधाने तिथल्या तिथे विचारलं, "आधीच्या डागदरनं पोटाचा फोटू का नाय काडला?" त्या सगळ्या खोलीत नेमका प्रश्न तिनेच विचारला होता. पाचव्या दिवशी देवजी गेला.

कारखान्यात शोकसभा झाली. फळ्यांवर यंदाचे गणपती पांढरेफटक, आखणीवाचून. मालक बोलले, गावातले दोघे-तिघे बोलले. मी मागे बसून 'असून' मोजत होते आणि पाचाला थांबले, कारण मुठी आवळून बोटं दुखायला लागली. मला बोलायला उठवलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, की देवजी कातकरी होता आणि मला भेटलेल्या माणसांत सगळ्यात शहाणा होता, आणि या दोन वाक्यांच्या मध्ये 'आणि' आहे. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बरं झालं.

बाहेर आल्यावर नीलेशने डोळे पुसत एक सुचवलं. तो मनाचा चांगला आहे, ते आधीच सांगते. म्हणाला, देवजीच्या त्या रानकऱ्याचे डोळे पेणच्या एखाद्या चांगल्या कलाकाराकडून काढून घेऊ. त्याची आठवण पुरी होईल. मी रस्त्यात त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, रिक्षावाले वळून बघत होते. पुरी होईल? कुणी पुरी करायची? ज्याने चार वर्षं वाट बघितली त्याला न विचारता आपण त्याला गुळगुळीत करून शोकेसमध्ये ठेवणार? नीलेशने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त म्हणाला, "गोळ्या मी दिल्या होत्या गं." मग आम्ही दोघं टपरीवर बसलो आणि चहा निवून गेला.

महिन्याचे विधी झाल्यावर सुगंधाने मला घरी बोलावलं. फडक्यात गुंडाळलेली ती बोटभर मूर्ती माझ्या हातात दिली. म्हणाली, "तुमच्याजवळ ठेवा. आमी डोळं नसल्यालं घरात ठेवीत नाय." मी विचारलं, तो खरंच कधीच डोळे काढणार नव्हता का? मला वाटत होतं, तो फक्त विनोद होता. सुगंधाने माझ्याकडे बघितलं, आणि ती चिडलेली होती. तिला तेवढा हक्क होता. "काडनार व्हतं की. ब्रश बी येगळा ठेवला व्हता. म्हनायचं, बाईंनी दोन परत दिलं का त्याच दिवशी मी बी दोन दीन."

रोह्याला घरी पोचले आणि हातपाय न धुता नियमांची वही काढली. रानकरी. बुद्धी उणे दोन. ती ओळ खोडली. 'माणूस' या शब्दापुढे कंसात सगळ्या जमातींची नावं लिहिली. खाली देवजीचा नियम लिहिला, त्याच्याच शब्दांत, रानकरी बोलला की ऐकणाऱ्याच्या फाशात दोन कमी. दहा मिनिटांचं काम. चार वर्षं मी ज्याला किचकट म्हणत होते ते दहा मिनिटांचं काम होतं, आणि पेन पुन्हा एकदाही अडखळलं नाही.

आम्ही तिघं अजून रविवारी तीन वाजता बसतो, आता माझ्या घरी, खिडकीपाशी. सुगंधा मला 'तुमी'च म्हणते, आणि मीही तिला तुम्ही म्हणायला लागले आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ती दचकली होती. टेबलावर चौथ्या जागी मी तो रानकरी मांडते. फेटा, काठी, घोंगडीची वीण आणि दोन पांढऱ्या जागा. नवीन नियमाने खेळायला लागल्यापासून नीलेशचा सरदार सारखा चुकतो, कारण गोष्टीत वाटेत रानकरी भेटून बोलतात आणि ऐकायचं त्याला आहे. खेळ अजिबात किचकट झालेला नाही. सगळ्यांचे फासे टाकून झाले की मी त्या मूर्तीपुढे एक फासा ठेवते... मी दोन दिले, देवजी. आता पाळी तुमची आहे.